पोटभर खाऊ घालू नये

जनावरांचा डॉक्टर म्हणून मी बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातली निम्मी अकोटच्या आसपास गेली. या काळात जनावरांच्या वाहतुकीचे किती दाखले लिहिले ते मला सांगता येणार नाही. 'प्रवासास योग्य.' दोन शब्द, खाली सही, सहीवर शिक्का. बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर गाड्या लागायच्या. मी बाहेर यायचो, जनावर नीट चालतं का पाहायचो, नाकपुडी ओली आहे का पाहायचो, कानातला बिल्ला वाचायचो आणि आत जाऊन लिहायचो. गाडी हलली की माझ्यापुरतं ते जनावर पोचलेलं असायचं.

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच सांगून टाकतो, नाहीतर बायको सांगेल. सगळ्यात जास्त तापायचो ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या वऱ्हाडात पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारतात. नैवेद्याचा घास म्हणून एक चारली तर काही बिघडत नाही. पण माया अशी उतू जाते की घरातला प्रत्येक जण दोन-दोन पोळ्या घेऊन येतो, मग शेजारी येतो, शेजाऱ्याची पोरं येतात, आणि ती कणीक, ती डाळ, तो गूळ रात्रभर बैलाच्या पोटात आंबतो. सकाळी दवाखान्याच्या दारात पोटं फुगलेल्या बैलांची रांग. मी डोकं फिरल्यासारखा ओरडायचो, "अरे, पोयी तुमी खा ना. त्याले कडबा द्या." लोक मान खाली घालून ऐकायचे आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा तेच करायचे. या माणसांना अक्कल कधी येणार, असं मला वाटायचं. मग निवृत्तीला दीडेक वर्ष उरलेलं असताना, एका जानेवारीत, माझी स्वतःची अक्कल कुठे असते ते मला कळलं.

माझे वडील तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावात ते एकटेच राहायचे. आई चार वर्षांपूर्वी गेली होती. वावर त्यांनी त्यांच्या भाच्याला, म्हणजे माझ्या आतेभावाला, कसायला दिलं होतं. तो शेजारच्याच घरात राहायचा आणि त्यांचं सगळं पाहायचा. पण एकदा बाबा मोरीत घसरून पडले, भाऊ वावरात होता, आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. हाड मोडलं नाही हे नशीब. तेव्हापासून मी आणि माझी बायको त्यांच्या मागेच लागलो, की अकोटला आमच्याकडे या. वर्षभर ते 'पाहू' म्हणत राहिले. बाबांचं 'पाहू' म्हणजे नाही. मग एक दिवस त्यांचाच फोन आला.

"बाई येत असन त मी येतो."

फोन स्पीकरवर होता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे रोखून बघत हळूच म्हणाली, "कोन्ती बाई?"

बाई म्हणजे गाय. पांढरी, गवळाऊ जातीची, उंच, लांब तोंडाची, चालायला लागली की माणसाला पळायला लावणारी. हिची माय हिला जन्म देतानाच गेली होती, म्हणून आईनं हिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. आई तिला बाई म्हणायची, म्हणून बाबाही म्हणायचे. आई गेल्यावर बाबा दिवसभरात कुणाशी मनातलं बोलत असतील तर ते तिच्याशीच. त्या वेळी ती गाभण होती, पाचवा महिना सरला होता. न्यायची तर आताच. पोट जड झाल्यावर तिला रस्त्यावर काढायची माझी तयारी नव्हती.

"अजून एक आयक," बाबा फोनवर म्हणाले. "थे चढली तशीच उतरली पायजे. तिले वाटंत काई झालं त मी त्याच गाडीनं वापस."

बाबांनी आयुष्यात कुणाला धमकी दिली नाही. ते आधी सांगून ठेवतात आणि मग तसंच करतात. म्हणजे गाय दीडशेएक किलोमीटर सुखरूप आली तर वडील माझ्या घरी राहणार होते. नाहीतर पुन्हा ते घर, ती मोरी आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही.

गाडी मी तेल्हाऱ्याच्या एका ड्रायव्हरची ठरवली. माझ्याकडे दाखल्यासाठी येणाऱ्यांमध्ये हा एकच असा होता, की त्याच्या पिकअपमध्ये कधी दोनापेक्षा जास्त जनावरं दिसली नाहीत. बाकीचे त्याला हसायचे. तो आदल्या दिवशी संध्याकाळीच गावी येऊन मुक्कामाला राहिला. बाबांचं सामान मी दुसऱ्या एका ओळखीच्या गाडीनं अकोटला पुढे पाठवून दिलं होतं, आणि त्यासोबत माझी औषधांची बॅगही. एका दिवसात काय लागणार आहे, असं मला वाटलं.

घरच्या गाईचा दाखला मीच लिहिणं बरं दिसलं नसतं. म्हणून तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई येऊन तिला तपासून गेल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. चांगला अर्धा तास लावला त्यांनी. पोटाला हात लावून पाहिला, खूर उचलून पाहिले, बाबांना दहा प्रश्न विचारले, आणि मग बाजेवर बसून सुबक अक्षरात दाखला लिहिला. मी त्यांना धन्यवाद दिले, कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. वाचला नाही. तीस वर्षं दाखले लिहिणाऱ्यानं दाखला काय वाचायचा?

सकाळी उजाडताच ड्रायव्हर गाडीत चढला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. रात्रीतून कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, वीतभर थर घातला होता.

"बाबाजी, हे कुटार कोनं टाकलं?"

"मी टाकलं. तिले नरम लागन."

"नरम लागन, पन पाय घसरन ना तिचा. पत्र्यावर कुटार म्हंजे तेल सांडल्यावानी."

त्यानं सगळं कुटार झाडून काढलं, ओली रेती पसरली आणि तिच्यावर पोती अंथरली. दोन्ही बाजूंच्या लोखंडी कठड्यांना जुन्या गाद्या बांधल्या. एक गादी कमी पडली तेव्हा बाबा आत गेले आणि स्वतःच्या बाजेवरची घेऊन आले. उकिरड्याच्या चढाला गाडी मागून लावली, म्हणजे गाईला उडी मारावी लागली नाही, ती चालतच आत गेली. तिला बांधली तीही तोंडावरच्या म्होरकीला, मान खाली-वर करता येईल एवढा दोर ठेवून. मी बाजूला उभा राहून 'बरोबर, बरोबर' म्हणत होतो, जसं काही हे सगळं मीच त्याला शिकवलं होतं.

आणि मग आळी जमली. आमच्या गावात कुणी गाव सोडून निघालं, तर त्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय त्याला निघू देत नाहीत. बाबांना तर घातलंच. पण बाई आईच्या हातची, म्हणून बायकांनी पहाटे उठून पुरण शिजवलं होतं. एकेक जण यायची, गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढायची, पोळी चारायची, गाईच्या कपाळाला हात लावायची आणि पदरानं डोळे पुसत उतरायची. मी तिथे ओरडायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाची गाय असती तर आळी डोक्यावर घेतली असती. पण रडणाऱ्या बायकांसमोर 'कडबा द्या' म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. शेवटी भावाच्या बायकोनं दोन पोळ्या माझ्या हातात ठेवल्या. "तुमी बी द्या भाऊजी. मामीबाईकडून." म्हणजे माझ्या आईकडून. मी अकोल्याला शिकायला होतो तेव्हा आई मला खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. बस चुकली तर चुकली. मी कितीदा तिच्यावर चिडलो असेन, आणि कितीदा बसमध्ये बसल्यावर भरल्या पोटानं सुखानं झोपलो असेन. मी चाकावर पाय दिला, वर चढलो आणि दोन्ही पोळ्या बाईला चारल्या. तिनं माझा तळहातसुद्धा चाटून साफ केला. मला फार बरं वाटलं.

आम्ही तिघं पुढे बसलो, ड्रायव्हर, मध्ये मी आणि खिडकीशी बाबा. बाबांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन धोतरं, एक पंचा आणि चष्म्याचं घर. बाकी सामान पुढे गेलं होतं, पण ही पिशवी त्यांनी हातची सोडली नाही. वापस यायची वेळ आली तर ही एकच लागणार होती.

ड्रायव्हरची एक सवय मला अर्ध्या तासानं लक्षात आली. ब्रेक लावायच्या आधी तो डावा हात मागे नेऊन केबिनच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा. थप, थप, आणि मग हळूच ब्रेक. मी विचारलं तर म्हणाला, "तिले सांगून राहिलो साहेब, का आता थांबतो. दहा-पंधरा किलोमीटरात समजते जनावराले. मंग थे पाय रोवून उभं राह्यते." मी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

चांदूर रेल्वेला बाबा म्हणाले, "बाई पाहून ये." मी उतरलो, पाहिलं, ती मजेत उभी होती. अमरावतीच्या वळणरस्त्यावर ते पुन्हा म्हणाले, "बाई पाहून ये." मी उतरलो, तिला पाणी दाखवलं, ती दोन घोट प्यायली. आम्ही वलगाव मागे टाकलं आणि ते तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा माझा तोल गेला.

"बाबा, डाक्तर मी हाओ का तुमी? दहा-दहा मिनिटाले थांबलो त रात होईन. आता दर्यापूरशिवाय गाडी थांबनार नाई."

बाबांनी मान वळवून केबिनच्या मागच्या काचेतून पाहायचा प्रयत्न केला. काचेला त्यांचीच गादी टेकलेली होती. त्यांना फक्त गादी दिसत होती, तरी ते बराच वेळ तसेच बघत राहिले.

दर्यापूरच्या अलीकडे पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. जनावराची गाडी म्हटल्यावर आम्हाला बाजूला घेतलंच. एक हवालदार खिडकीशी आला, कुठून, कुठे, कशाला, सगळं विचारलं आणि कागद मागितला. मी खिशातून दाखला काढला आणि जरा ऐटीतच सांगितलं, की मी स्वतः जनावरांचा डॉक्टर आहे. हवालदारानं कागद उघडला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. बोट ठेवून वाचला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हे तुमी वाचलं काय?"

त्याचं बोट शेवटच्या ओळींवर होतं. त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'प्रवासापूर्वी पोटभर खाऊ घालू नये. पिठाचे, पुरणाचे पदार्थ मुळीच देऊ नयेत. दर दोन तासांनी उतरून पाणी दाखवावे व गाय रवंथ करते का, ते पाहावे.'

"काय चारलं तिले?" हवालदारानं विचारलं.

"थोडंसंच," मी म्हणालो.

"आळीनं सोळा पोया," बाबा समोरच्या काचेतून बघत म्हणाले. "यानं दोन."

हवालदार मागे जाऊन आला. "माह्या घरी बी गाय हाय साहेब," तो सावकाश म्हणाला. "जरा डाव्या अंगानं पाहा."

मी उतरलो. बाईची डावी कूस वर आली होती, टम्म. बोटांनी वाजवली तर ढोल. तोंड स्थिर, रवंथ बंद, मान पुढे ताणलेली, आणि मागचा पाय सारखा पोटाकडे उचलत होती. चांदूरला ती रवंथ करत होती. अमरावतीला करत होती का? मी पाणी दाखवलं होतं, रवंथ पाहिलीच नव्हती. तिच्या पोटात सहा महिन्यांचं वासरू, औषधाची बॅग अकोटला, आणि तासाभरापूर्वी मी वडिलांना विचारलं होतं, की डॉक्टर कोण.

तिला खाली उतरवून चालवायला हवं होतं, पण रस्ता सपाट. फुगलेल्या पोटाच्या गाभण गाईला गाडीतून उडी मारायला लावायची म्हणजे नको तेच व्हायचं. मी इकडे-तिकडे बघत होतो तेवढ्यात बाबा खिडकीतून म्हणाले, "पुढं जिनिंग असन. गाठी चढवाच्या ओट्याले लाव गाडी."

जन्मभर कापूस पिकवून विकलेल्या माणसालाच हे सुचणार. पाच मिनिटांवर सरकी काढायचं जिनिंग लागलं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. बाबा काठी टेकत उतरले आणि चौकीदाराला फक्त एवढंच म्हणाले, "गाय गाभन हाय बाप्पा. ओटा पायजे." त्यानं फाटक उघडलं. गाठी ट्रकमध्ये चढवायचा ओटा पिकअपच्या उंचीला बरोबर आला. बाई पाऊल टाकून ओट्यावर आली आणि ओट्याच्या उतारानं खाली चालू लागली. एवढी पांढरी गाय, पण त्या कापसाच्या ढिगाशेजारी मळकी दिसत होती.

मग मी कामाला लागलो. समोरच्या चहाच्या टपरीवरून खायचा सोडा आणला, गोडतेल आणलं, काचेची बाटली आणली. गाईला त्याच उतारावर पुढचे पाय वर करून उभी केली, म्हणजे पोटातला वारा तोंडाकडे सरकेल. सोड्याचं पाणी दिलं, मग तेल, थोडं-थोडं, मान फार वर न करता, नाहीतर ते फुफ्फुसात जातं. बाबांनी मला न विचारता कडुलिंबाची बोटभर जाड काडी तोडली, ती तिच्या तोंडात आडवी घातली आणि सुतळीनं शिंगांमागे बांधली. काडी चघळली की लाळ सुटते आणि वारा सुटायला मदत होते. हे मात्र मला पुस्तकातून ठाऊक होतं. बाबांना कुठून ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. ड्रायव्हर आणि मी आळीपाळीनं तिची कूस मुठींनी चोळत होतो. बाबा तिच्या कपाळाला हात लावून उभे होते आणि तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं, की हिला काही झालं तर बाबा इथूनच परत जातील आणि मी अडवूही शकणार नाही.

पाऊण तास गेला. मग बाईनं मान पुढे केली आणि एक ढेकर दिला. असा लांबलचक, आंबूस, की कापूस निवडणाऱ्या बायका पदर नाकाला लावून हसायला लागल्या. पाठोपाठ दुसरा. कूस माझ्या मुठीखाली नरम पडत गेली. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच ओट्याच्या कडेवर बसलो.

आम्ही तीन तास तिथेच थांबलो. दुपारी ऊन कलायला लागलं तेव्हा बाबा म्हणाले, "पाह्य." बाईचा जबडा हलत होता. डावीकडून उजवीकडे, सावकाश. रवंथ करून राहिली होती. इतकी वर्षं मी जनावरांना रवंथ करताना पाहिलं, पण डोळे भरून पाहिलं ते त्या दिवशी.

"चूक माही झाली बाबा," मी म्हणालो.

बाबांनी चष्मा पुसला. "चारलं त चारलं. तुह्या मायनं बी चारलंच असतं." मग तो नाकावर चढवत म्हणाले, "पन तिनं उतरून पाह्यलं असतं."

मी उठलो, गाडीत मागे चढलो आणि ड्रायव्हरला सांगितलं, की आता अकोटपर्यंत मी इथेच उभा राहणार.

दर्यापूर ते अकोट मी बाईच्या शेजारी उभ्यानं आलो. जे मी तीस वर्षं कागदावर लिहीत होतो, ते तेव्हा माझ्या गुडघ्यांना कळलं. वळण आलं की सगळं वजन एका अंगावर येतं. खड्डा माणसाच्या आधी खुरांना लागतो. मागून कर्कश हॉर्न वाजला की तिच्या अंगावरून कातडी थरथरत जायची. पण पत्र्यावर दोन थापा पडल्या, की ती चारही पाय रोवायची. मला आधी ते जमेना, मी दोनदा गादीवर आपटलो. तिसऱ्यांदा तिच्याकडे बघून मीही पाय रोवले. मग आम्ही दोघं थाप पडली की बरोबर उभे. गाडी अकोटच्या वाटेला लागली, दोन्हीकडे वेचणी संपत आलेली कापसाची पऱ्हाटी, उतरतं ऊन, आणि बाईनं आपलं कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. मी सुखात होतो. मला तिथून उतरावंसं वाटत नव्हतं.

घरासमोर मी आधीच मुरमाचा चढ करून घेतला होता. बाई त्यावरून चालत उतरली, चढली होती तशीच. बाबा शेजारून बघत होते. त्यांनी चारही खूर पाहिले, कूस पाहिली, डोळे पाहिले. तेवढ्यात माझी बायको ओवाळायचं ताट घेऊन आली. ताटात कुंकू, निरांजन आणि वरून तूप सोडलेल्या चार पुरणपोळ्या.

"ते आत ने!" मी असा ओरडलो की शेजारचा माणूस बाहेर आला.

बायको जागेवरच थांबली. मग बाबा हसायला लागले. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ते काठीवर वाकून, खोकला येईपर्यंत हसले. काय झालं ते ड्रायव्हरनं बायकोला सांगितलं, आणि तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही.

"मंग ह्या पोया आता कोनाले द्याव?" तिनं विचारलं.

"मी हाओ ना," ड्रायव्हर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

बाबांनी आपली पिशवी खोलीत ठेवली नाही. गोठ्याच्या खुंटीला अडकवली. "आठ दिवस पाह्यतो," म्हणाले. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. पिशवी खुंटीवरच होती. मी जाता-येता तिच्याकडे बघायचो. विचारायची हिंमत होत नव्हती. दवाखान्यात मात्र मी बदललो. दाखला लिहायच्या आधी मी गाडीत चढून पत्रा पाहायला लागलो, काय चारलं ते विचारायला लागलो, आणि शेवटी सूचना लिहून त्या मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. लोक म्हणायचे, डॉक्टर म्हातारे झाले. बाबांची आणि माझ्या बायकोची गट्टी जमली. सकाळी बाबांनी हाक मारली, "बाईले पानी पाजलं काय?" की ती आतून म्हणायची, "कोन्त्या? इथल्या बाईनं तर अजून चहाबी नाई पेला."

एप्रिल संपता संपता, ऐन दुपारी, बाई व्याली. कालवड झाली, मायसारखीच पांढरी. मी कोरडं फडकं शोधत होतो तर बाबांनी खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातला पंचा ओढला आणि त्यानं वासरू पुसलं. मग एक धोतरही काढलं आणि फाडून दोन तुकडे केले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझा आतेभाऊ धामणगावाहून गाडी घेऊन आला. "मामा, चला. पोयाचा सण आपल्या गावी करू. वाटलं त राह्यजा तिथंच, बाईले मंग आनू." अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. चहा झाला. मी कपाकडे बघत होतो आणि कान बाबांकडे होते. बाबा उठून माझ्या खोलीत गेले आणि टेबलावरचा लिहायचा कागद आणि पेन आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"डाक्तर, लिव्ह. प्रवासास योग्य नाई."

"बाबा, मी जनावराचा डाक्तर हाओ."

"मंग मी का जनावराहून वेगया हाओ? पाह्य, तपास. चालतो तिरपा, गुडघे दुखते. लिव्ह."

भाऊ हसत होता. मी लिहिलं. वय त्र्याऐंशी, प्रकृती उत्तम, प्रवासास योग्य नाही. कधी नव्हे ते माझं अक्षर सुबक आलं. खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्मा लावून, बोट ठेवून, वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत माझ्याकडे दिला.

"खाली सूचना राह्यली," ते म्हणाले. "लिव्ह. पोटभर खाऊ घालावं. अन् दिवसातून दोनदा येऊन पाहावं."